बिलं वाचणारं सॉफ्टवेअर येतंय, माझी खुर्ची राहील का?

प्रश्न: मी ४३ वर्षांची आहे. एका उत्पादन कंपनीच्या अकाउंट्स विभागात सतरा वर्षं पुरवठादारांची बिलं बघते. आम्ही चौघं आहोत. सहा महिन्यांत बिलं आपोआप वाचून नोंदवणारं सॉफ्टवेअर येणार आहे. साहेबांनी प्रत्येकाला ‘तुम्ही काम कसं करता ते पायरी-पायरीने लिहून द्या’ असं सांगितलंय. सहकारी म्हणतो, सगळं लिहून दिलंस तर स्वतःच्या हाताने खुर्ची देशील, निम्मंच लिही. मुलगा म्हणतो, कोडिंग शिक. संध्याकाळचा पायथनचा क्लास लावलाय, पण सगळं डोक्यावरून जातं. घराच्या कर्जाची नऊ वर्षं बाकी आहेत. लिहून द्यावं का? क्लास चालू ठेवावा का? की आत्ताच दुसरी नोकरी शोधावी?

उत्तर:

ताई,

तिन्ही प्रश्नांची उत्तरं आधी. लिहून द्या, आणि पूर्ण लिहून द्या. पायथनचा क्लास थांबवा आणि तोच वेळ दुसऱ्या गोष्टीला द्या. नोकरी शोधायला आजपासून लागा, पण राजीनाम्याचं नाव काढू नका. यातलं प्रत्येक का, ते नीट पटलं पाहिजे. नाहीतर ऐन वेळी तुम्ही सहकाऱ्याचंच ऐकाल.

तुमच्या कामाविषयी नेटवर शोधलंत की एक आकडा हमखास समोर येतो. ऑक्सफर्डच्या कार्ल फ्रे आणि मायकेल ऑस्बर्न यांनी २०१३ मध्ये ७०२ व्यवसाय घेऊन प्रत्येकाच्या यांत्रिकीकरणाची शक्यता मांडली. अमेरिकेतल्या ४७ टक्के नोकऱ्या मोठ्या जोखमीत आहेत, असा निष्कर्ष निघाला. हिशेब लिहिणाऱ्या कारकुनांच्या वाट्याला ०.९८ आले, म्हणजे जवळजवळ खात्रीच. तीन वर्षांनी ओईसीडी या विकसित देशांच्या संघटनेसाठी झालेल्या दुसऱ्या अभ्यासात २१ देशांची सरासरी निघाली ९ टक्के. एवढी तफावत पद्धतीमुळे आली. पहिल्या अभ्यासाने अख्खा व्यवसाय एकच काम समजून मोजला. दुसऱ्याने त्या व्यवसायातली माणसं प्रत्यक्ष दिवसभर काय करतात ते पाहिलं. बिलांच्या टेबलावर बसलेली बाई निम्मा दिवस टायपिंग करत नसते, फोनवर भांडत असते, हे पहिल्या पद्धतीत दिसतच नाही.

यावरून ‘यंत्र कामं घेतं, नोकऱ्या घेत नाही’ असा दिलासा सर्रास दिला जातो. तो अर्धाच खरा आहे, आणि उरलेला अर्धा तुमच्यासाठी जास्त महत्त्वाचा आहे.

तो समजण्यासाठी आधी स्वतःच्या कामाचा हिशेब मांडा. एक शीट उघडा आणि सलग दोन आठवडे दर अर्ध्या तासाला एक ओळ लिहा: काय केलं, किती वेळ गेला, आणि ते करताना कुणाला विचारावं लागलं का. दोनपैकी एक आठवडा महिनाअखेरचा हवा, नाहीतर क्लोजिंगचं काम हिशेबातून सुटेल. संध्याकाळी आठवून लिहू नका. आठवून लिहिताना कंटाळवाणं काम फुगतं आणि फोनवर गेलेला वेळ गायब होतो.

दोन आठवड्यांच्या ८० तासांची वाटणी कशी दिसू शकते, ते उदाहरणादाखल पाहू. बिलं टाइप करणं ३४ तास. पर्चेस ऑर्डर (खरेदीची मागणी) आणि माल पावतीशी (गोदामात माल आल्याची नोंद) जुळवणं १६. पुरवठादारांचे फोन आणि ईमेल ११. न जुळणारी बिलं सोडवणं ९. महिनाअखेरचं रिकन्सिलिएशन (खात्यांचा ताळमेळ) आणि प्रोव्हिजन (बिल न आलेल्या खर्चाची तरतूद) ६. पुरवठादारांची मास्टर माहिती, म्हणजे नाव, पत्ता, बँक खातं यांची कायम नोंद, २, किरकोळ २. यातली पहिली दोन कामं, म्हणजे ५० तास, सॉफ्टवेअर घेणार. उरले ३०. आता चौघांचे उरलेले तास एकत्र करा: १२०. सॉफ्टवेअरवर लक्ष ठेवण्याचं नवं काम २५ तासांचं धरा. झाले १४५. दोन माणसांचे तास होतात १६०. म्हणजे चौघांचं काम दोघांत बसतं आणि वर १५ तास शिल्लक राहतात. तुमचे आकडे वेगळे येतील, हिशेबाची रीत हीच. आणि हे गणित वरच्या मजल्यावर बहुधा आधीच झालेलं असतं. सॉफ्टवेअर विकणाऱ्याच्या प्रस्तावात ‘किती मनुष्यतास वाचतील’ हा तक्ता सहसा असतोच.

म्हणजे चार नोकऱ्यांचे उरलेले तुकडे जोडून दोन नोकऱ्या होणार आहेत. त्या दोन कुणाच्या, हे सॉफ्टवेअर सुरू झाल्यावर ठरत नाही. ते आधीच्या तीन-चार महिन्यांत, चाचणीच्या काळात ठरतं. तुमच्या हातात आहे तो हा काळ.

एटीएमचं उदाहरण कुणी तरी तुम्हाला देईलच, म्हणून त्याविषयी. अमेरिकेत एटीएम पसरल्यावर, १९८८ ते २००४ या काळात, शहरातल्या सरासरी बँक शाखेतले टेलर, म्हणजे खिडकीवरचे रोखपाल, वीसवरून तेरावर आले. पण शाखा चालवणं स्वस्त झाल्यामुळे बँकांनी शाखा वाढवल्या आणि टेलरची एकूण संख्या कोसळली नाही. हे खरं आहे. मात्र पुढे मोबाइलवर बँकिंग आलं, शाखाच बंद होऊ लागल्या आणि टेलरही कमी होत गेले. शिवाय तुमच्या बाबतीत हे उदाहरण मुळातच लागू होत नाही. बँकांना जास्त ग्राहक हवे होते, म्हणून त्यांनी शाखा उघडल्या. बिल नोंदवणं स्वस्त झालं म्हणून कुठलीही कंपनी जास्त बिलं मागवत नाही. काम स्वस्त झालं म्हणून तुमच्या कामाची मागणी वाढत नाही. त्यामुळे ‘सगळ्यांना पुरेल एवढं काम राहील’ या भरवशावर बसू नका.

आता यंत्र कुठे अडकतं ते पाहू, कारण तुमची जागा तिथेच आहे.

डेमोत विक्रेता सांगेल, ‘आमची अचूकता ९८ टक्के.’ त्याला विचारा, कशाची? बिलाची की बिलातल्या एका घराची, म्हणजे रकान्याची? बहुतेक वेळा आकडा एका घराचा असतो. एका बिलात महत्त्वाची दहा घरं धरा: पुरवठादार, बिल क्रमांक, तारीख, ऑर्डर क्रमांक, वस्तू, नग, दर, कर, एकूण रक्कम, बँक खातं. प्रत्येक घर ९८ टक्के वेळा बरोबर वाचलं गेलं, तर दहाच्या दहा बरोबर असण्याची शक्यता ०.९८ चा दहावा घात, म्हणजे जेमतेम ८२ टक्के. शंभरातल्या अठरा बिलांत कुठे ना कुठे चूक. अचूकता ९९.५ टक्क्यांवर नेली तरी शंभरामागे पाच. प्रत्यक्षात चुका खराब स्कॅन आणि हाताने लिहिलेल्या बिलांवर एकवटतात, त्यामुळे बिघडलेली बिलं याहून थोडी कमी भरतात. पण ‘९८ टक्के’ ऐकून जे चित्र डोळ्यांपुढे येतं, त्याहून ती बरीच जास्त असतात. हा प्रश्न बैठकीत तुम्ही विचारलात, तर तुमच्याकडे बघण्याची नजर त्या दिवसापासून बदलेल.

पण वाचनातल्या चुका हा सोपा भाग आहे. खरी अडचण बरोबर वाचलेल्या बिलांची असते. ऑर्डर १०० नगांची, गोदामाच्या पावतीवर ९६, बिल १०० चं. सॉफ्टवेअर तिन्ही आकडे अचूक वाचतं, जुळत नाहीत म्हणून बिल बाजूला टाकतं आणि थांबतं. तुम्ही काय करता? गोदामात फोन. चार नग तुटलेले आले की दुसऱ्या गाडीतून यायचेत? तुटलेले असतील तर परत पाठवल्याची नोंद झाली का? दुसऱ्या गाडीतून यायचे असतील तर ९६ चे पैसे आत्ता द्यायचे की पूर्ण बिल थांबवायचं? आणि हा पुरवठादार असा आहे का, की ज्याचे पैसे थांबले तर पुढच्या आठवड्यात लाइन बंद पडेल? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही कागदावर नसतं. ते खरेदी विभागातल्या माणसाच्या डोक्यात असतं आणि सतरा वर्षांनी तुमच्याही डोक्यात असतं.

अशा आणखी दोन-तीन जागा तुम्हाला माहीत आहेतच, तरी यादीत याव्यात म्हणून. क्रेडिट नोट, म्हणजे पुरवठादाराने आपल्याला रक्कम वळती करण्यासाठी दिलेला कागद, बिल म्हणून वाचली गेली की चूक दुप्पट होते: १०,००० येणं असताना १०,००० देणं लागतं, फरक २०,००० चा. एकच बिल कागदावर ‘०४५७’ आणि ईमेलवर ‘४५७’ असं आलं, तर शून्य न गाळणाऱ्या प्रणालीला ती दोन बिलं वाटतात आणि दोनदा पैसे जातात. पुरवठादाराचं थकबाकीचं स्टेटमेंट बिलांच्या गठ्ठ्यात स्कॅन झालं की सगळी जुनी बाकी नव्या बिलाच्या रूपात उभी राहते.

आणि सगळ्यात महाग जागा: पुरवठादाराचं बँक खातं. लिथुआनियातल्या एका माणसाने २०१३ ते २०१५ या काळात तैवानच्या एका खऱ्या हार्डवेअर पुरवठादाराच्या नावाने बनावट बिलं आणि ईमेल पाठवून गूगल आणि फेसबुककडून मिळून १० कोटी डॉलरहून जास्त रक्कम स्वतःच्या खात्यांत वळवली. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने त्याला पाच वर्षांची शिक्षा दिली. त्या कंपन्यांकडे तंत्रज्ञानाची वानवा नव्हती. पुरवठादार ओळखीचा, कागद व्यवस्थित, मग शंका कशाला, एवढ्यावर पैसे गेले. म्हणून खात्यातला बदल असा व्हायला हवा: खातं बदलल्याचं पत्र आलं की त्या पत्रावरच्या नंबरवर नाही, तुमच्या जुन्या फाइलमधल्या नंबरवर फोन करायचा. बदल एकाने नोंदवायचा, दुसऱ्याने मंजूर करायचा, आणि पेमेंट सोडणारा या दोघांपैकी नसावा. चार माणसांत ही विभागणी सहज जमते, दोघांत अवघड होते. माणसं कमी करताना हा मुद्दा हमखास विसरला जातो आणि ऑडिटमध्ये वर येतो. तुम्ही तो आधी लेखी मांडा. त्यात कंपनीचंही हित आहे आणि तुमचंही.

आता तुमचा पहिला प्रश्न: लिहून द्यायचं का. सहकाऱ्याची भीती खोटी नाही, उपाय चुकीचा आहे. निम्मं लिहिण्याने काय होतं ते बघा. तुम्ही सिस्टीममध्ये केलेली प्रत्येक नोंद वेळेसकट साठलेली असते. त्या नोंदींवरून काम कुठल्या वाटेने जातं ते काढणारी साधनं आहेत, आणि सॉफ्टवेअर बसवणारी मंडळी ती वापरतात. म्हणजे नेहमीचा सरळ मार्ग तुम्ही लपवूच शकत नाही. लपवता येतात फक्त अपवाद, आणि तुमची किंमत नेमकी अपवादांत आहे. ते लपवलेत तर कागदावर तुमचं काम सरळसोट दिसतं. सरळसोट काम करणाऱ्याला कशाला ठेवायचं, असंच वाचणारा म्हणेल. वर चाचणीत बिलं अडकायला लागली की ‘यांनी हे सांगितलंच नव्हतं’ हा शिक्का बसेल तो वेगळाच.

म्हणून उलट करा. सरळ मार्ग दोन पानांत संपवा आणि अपवाद सविस्तर लिहा. प्रत्येक अपवादाला एक ओळ आणि त्यात सहा रकाने: काय होतं, का होतं, कसं ओळखायचं, कुणाला विचारायचं, महिन्यातून साधारण किती वेळा येतं, आणि चुकलं तर काय नुकसान. वरचं ९६ नगांचं उदाहरण या साच्यात बसवून पाहा, चटकन जमेल. मागच्या तीन महिन्यांच्या अडकलेल्या बिलांचे ईमेल चाळलेत तर तीस-चाळीस ओळी सहज होतील. प्रत्येक पानाखाली नाव आणि तारीख घाला, साहेबांना ईमेलने पाठवा आणि सोबत एक वाक्य लिहा: ‘चाचणीसाठी यातली बिलं निवडून द्यायला आणि निकाल तपासायला मी तयार आहे.’ या वाक्यासाठीच एवढा खटाटोप करायचा. अपवादांची यादी ज्याने केली, त्यालाच चाचणीत बसवलं जातं. आणि चाचणीत जो बसतो, त्याला प्रणाली कुठे चुकते ते सगळ्यांच्या आधी कळतं.

चाचणीविषयी तीन आग्रह धरा. पहिला, जुनी आणि नवी पद्धत निदान दोन महिनाअखेर समांतर चालू द्या. पहिल्या महिनाअखेरला सगळे डोळ्यांत तेल घालून बसलेले असतात, म्हणून खऱ्या चुका दुसऱ्या महिन्यात दिसतात. दुसरा, चाचणीची बिलं विक्रेत्याला निवडू देऊ नका. पुसट छपाई, हाताने केलेली दुरुस्ती, दोन पानी बिल, परकीय चलन, अर्धवट माल, क्रेडिट नोट हे सगळं त्यात असलं पाहिजे. तिसरा, नुसती अडकलेली बिलं बघून भागत नाही. प्रणालीने स्वतःहून मंजूर केलेल्या बिलांतूनही दर आठवड्याला ५० उचलून मूळ कागदाशी ताडा, उचलताना कसलाही क्रम नको. अडकलेलं बिल निदान दिसतं तरी. चुकून मंजूर झालेलं कुणालाच दिसत नाही.

यातून जे पद तयार होतं, ते शब्दांत मागा. साहेबांना भेटा, तासांची शीट सोबत न्या आणि सरळ विचारा: सुरू झाल्यावर अडकलेल्या बिलांची जबाबदारी कुणाकडे? मंजुरीच्या मर्यादा, म्हणजे किती टक्के फरक चालवून घ्यायचा, त्या कोण ठरवणार आणि कोण बदलणार? पुरवठादार मास्टरवर कुणाचं नियंत्रण? ‘ते अजून ठरलं नाही’ असं उत्तर आलं तर उत्तम, म्हणा, ‘मग ते मला द्या.’ मिळालं तर जबाबदारीच्या पत्रकात लिहून घ्या. तोंडी कौतुकाचा माणसं कमी करताना काही उपयोग होत नाही.

या नव्या कामात एक जोखीम आहे, ती आत्ताच माहीत असू द्या. लिझन बेनब्रिज या मानसशास्त्रज्ञ महिलेने १९८३ मध्येच दाखवून दिलं होतं, की सोपं काम यंत्राला दिलं की माणसाकडे फक्त अवघड उरतं, आणि रोजचा सराव सुटल्यामुळे ते अवघड काम करायची त्याची तयारीही कमी होत जाते. शंभरातली पंच्याण्णव बिलं बरोबरच येत असली की पुढची पाच न बघता ‘ओके’ दाबलं जातं. तुम्ही कितीही चोख असलात तरी हे होतं, कारण लक्षाचा स्वभावच तो. त्यावर उपाय यांत्रिकच हवा. एका बैठकीत तासाभरापेक्षा जास्त मंजुऱ्या देऊ नका. मोठ्या रकमेची बिलं सकाळी घ्या. आणि आठवड्यातून काही बिलं प्रणालीचं उत्तर न बघता आधी स्वतः जुळवा, मग ताडून पाहा.

क्लासचं आता. पायथन वाईट नाही, तुमच्यासाठी आत्ता चुकीच्या क्रमाने आलंय. त्रेचाळिसाव्या वर्षी शून्यापासून प्रोग्रामर होऊन तुम्ही तरुण प्रोग्रामरांशी स्पर्धा करायची आणि हाती असलेलं सतरा वर्षांचं ज्ञान बाजूला ठेवायचं, हा तोट्याचा व्यवहार आहे. शिवाय साधा कोड आता चॅटजीपीटीसारखी भाषा-मॉडेलंही लिहून देतात, त्यामुळे नवख्या प्रोग्रामरच्या पायरीवरच दबाव आला आहे. तुम्हाला हवंय ते माहिती स्वतः उपसून तपासण्याचं कौशल्य.

पहिले दोन महिने एक्सेल नीट करा. पिव्होट टेबल, एक्सलुकअप, काउंटइफ्स, आणि मग पॉवर क्वेरी, म्हणजे एक्सेलमधलंच माहिती साफ करण्याचं साधन. पॉवर क्वेरीवर सर्वात जास्त वेळ घालवा. दर महिन्याला त्याच पद्धतीने येणारी फाइल साफ करण्याचं काम एकदा नोंदवून ठेवलं की पुढच्या महिन्यापासून ‘रिफ्रेश’ दाबून होतं. सराव म्हणून एकच काम घ्या: मागच्या वर्षाच्या पेमेंटमधून दुबार बिलं शोधणं. बिल क्रमांकातले सुरुवातीचे शून्य, आडव्या रेघा आणि जागा काढून टाका, मग पुरवठादार, रक्कम आणि साफ केलेला क्रमांक यांवर जुळवा. मग क्रमांक सोडून फक्त पुरवठादार, रक्कम आणि सात दिवसांच्या आतली तारीख यांवर जुळवा. दुसऱ्या फेरीत खोटे इशारे बरेच येतील, उदाहरणार्थ दर आठवड्याचं ठरावीक भाडं. ते गाळायला शिकणं हाच अभ्यास. एखादं खरं दुबार पेमेंट सापडलं, तर ते तुमच्या बायोडेटातलं सगळ्यात वजनदार वाक्य ठरेल. ही फाइल ऑफिसच्या संगणकावरच आणि परवानगीने वापरा.

त्यानंतर एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढण्याची भाषा. सिलेक्ट, व्हेअर, ग्रुप बाय आणि जॉइन एवढ्या चार गोष्टींवर अकाउंट्समधले बहुतेक प्रश्न सुटतात. जॉइनपाशी, म्हणजे दोन तक्ते जोडताना, सगळेच अडखळतात. एका बिलाला दोन माल पावत्या असल्या की ओळी दुप्पट होतात आणि बेरीज फुगते. म्हणून जोडणीच्या आधी आणि नंतर ओळींची संख्या मोजायची सवय लावा. हे जमलं आणि तरी पायथनची ओढ वाटली, तर तेव्हा ते डोक्यावरून जाणार नाही.

चॅटजीपीटीसारखी साधनं या सगळ्यात मदतीला घ्या. फॉर्म्युला का चालत नाही ते विचारा, क्वेरी समजावून घ्या, पुरवठादाराला लिहायच्या पत्राचा मसुदा करून घ्या. दोन गोष्टी पाळा. कंपनीने मान्यता दिलेली नसेल त्या साधनात बिलं, खाते क्रमांक, दर यांतलं काही टाकू नका, बनावट नावं आणि आकडे घालून प्रश्न विचारा. आणि उत्तर ज्याच्यावर विसंबायचं आहे ते मुळातून तपासा. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या दोन वकिलांनी या साधनाने रचलेले, अस्तित्वातच नसलेले खटले न्यायालयात दाखले म्हणून दिले आणि त्यांना ५,००० डॉलर दंड झाला. बेरीज, कराचा दर, नियम या बाबतींत तुम्हीही तशाच फसू शकता.

तिसरा प्रश्न, दुसरी नोकरी. बाहेर शोधणं म्हणजे बेइमानी नव्हे. चाचणीच्या काळात तुमची बाजारातली किंमत वाढत असते, कारण ज्या कंपन्या हे सॉफ्टवेअर पुढच्या वर्षी आणणार आहेत, त्यांना ते आणताना काय बिघडतं हे जाणणारं माणूस हवं असतं. सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्या कंपन्यांनाही हवं असतं. म्हणून बायोडेटातलं ‘बिलांची नोंद करणे’ काढा. त्या जागी महिन्याला किती बिलं, किती पुरवठादार, किती टक्के पहिल्या फटक्यात जुळत होती, अडकलेलं बिल सुटायला सरासरी किती दिवस लागत होते, हे तुमच्या शीटमधले खरे आकडे लिहा. शोधताना ‘अकाउंट्स असिस्टंट’ टाकू नका, ती पायरीच आक्रसते आहे. पेयेबल्स अ‍ॅनालिस्ट, इंटर्नल कंट्रोल, पुरवठादार रिकन्सिलिएशन, अंतर्गत ऑडिट, प्रणाली चाचणी या दिशेने पाहा.

धोक्याची वेळ कधी ओळखायची? गेलेल्या माणसाची जागा भरली जात नाही. सुटीवर गेलात तर बदली कोण, हे कुणी विचारत नाही. तुमच्या बैठका कमी होतात, पण ‘एका बिलाला किती मिनिटं’ असं बाहेरचा कुणी विचारून जातो. जबाबदारीच्या पत्रकावरचं उत्तर दोनदा मागूनही येत नाही. यातलं एखादं कुठेही घडतं. तीन एकत्र दिसली तर शोध आठवड्यातल्या एका संध्याकाळवरून रोजच्यावर आणा.

कर्जाविषयी थोडक्यात. या सहा महिन्यांत जादा हप्ते भरून कर्ज लवकर फेडायच्या मागे लागू नका. भरलेला पैसा गरजेला परत हाती येत नाही. त्याऐवजी हप्ता धरून सहा महिन्यांचा घरखर्च ताबडतोब काढता येईल अशा जागी जमवा. आरोग्य विमा फक्त नोकरीतून असेल तर स्वतःचा वेगळा आत्ताच घ्या, कारण नव्या पॉलिसीत काही आजारांसाठी थांबण्याचा काळ असतो आणि तो नोकरी गेल्यावर मोजायला लागणं परवडत नाही. हप्ता चुकणार असं दिसलं तर चुकण्याआधी बँकेत जा. मुदत वाढवून हप्ता कमी करण्याची बोलणी एकही हप्ता न चुकवलेल्या कर्जदाराशी बँक जास्त मोकळेपणाने करते.

आणि एवढं सगळं करूनही तुमचं नाव दोघांत आलं नाही, असंही होऊ शकतं. कधीकधी निर्णय पगाराच्या आकड्यावर होतो आणि सतरा वर्षांचा अनुभव महाग पडतो. तसा कागद समोर आला तर त्या दिवशी त्यावर सही करू नका. ‘वाचून कळवते’ म्हणा आणि घरी आणा. नोटिशीचा काळ, शिल्लक रजेचे पैसे, सेवेच्या वर्षांवर मिळणारी रक्कम, विमा कुठल्या तारखेपर्यंत, आणि अनुभवाच्या पत्रात तुमचं शेवटचं पद काय लिहिणार, हे पाच मुद्दे नेमणूकपत्राशी ताडून पाहा, कामगार कायदा जाणणाऱ्याला दाखवा. त्यासाठी नेमणूकपत्र, पगारवाढीची पत्रं, दर वर्षीचं मूल्यमापन आणि पगाराच्या पावत्या यांच्या प्रती आजच घरी आणून ठेवा. ऑफिसचं लॉगिन एका दुपारी बंद होतं आणि मग स्वतःचेच कागद मागत फिरावं लागतं. आणा मात्र फक्त तुमच्या नावाचे कागद. पुरवठादारांच्या याद्या किंवा बिलांच्या फाइली घरी आणल्यात, तर सगळी बोलणी त्या एका चुकीपाशी येऊन अडतील.